नवा पिन

"बाबांचा पिन स्कूटरचा नंबर आहे, तोच राहू दे," दादा तिला म्हणाला होता. "अख्ख्या गल्लीला माहीत आहे म्हणून तर बाबांचं सुरळीत चाललंय."

"दादा, तू गाड्या विक. कार्डांचं मी बघते," असं म्हणून तिने विषय संपवला होता आणि बाबांच्या कार्डाचा पिन बदलून टाकला होता.

तिचंही खोटं नव्हतं. बाबा औषधांच्या दुकानात कार्ड पुढे करायचे आणि पिन मोठ्यांदा सांगायचे, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा. दुकानदार तो दाबायचा. आणि त्यांची मुलगी कार्डाच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम लिहिण्याचा पगार घेत होती.

आज ती ऑफिसातून पाळणाघरात आणि तिथून थेट बाबांकडे आली. एका खांद्याला लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या कडेवर तिची लेक ठमी. ठमी नुकती रांगायला लागली होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती. त्यामुळे कुठल्याही घरात शिरलं की तिची आई आधी जमीन बघायची, मग खालचे कप्पे, मग माणसं.

टीव्हीखालच्या कप्प्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. शेजारी बशीत काही गोळ्या, प्रत्येकीचे मधोमध दोन तुकडे केलेले.

"बाबा, ही काय ठेवायची जागा आहे? गिळली असती ना हिने एखादी."

"तुम्ही येणार म्हणून वर ठेवणारच होतो."

"आणि कापल्यात कशाला? डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला सांगतील. पुरवून घेतोय."

"पुरवून का? संपल्या की आणायच्या."

बाबा ठमीसाठी काहीतरी खेळायला शोधतो म्हणत उठले. उठताना त्यांनी भिंतीला हात लावला, आणि खिडकीपर्यंत जाताना तो काढला नाही. ती बघत राहिली. मग म्हणाली, "कार्ड द्या तुमचं."

कार्ड चष्म्याच्या डबीत होतं. तिने बॅगेतून कार्ड वाचणारा ऑफिसचा रीडर काढला, लॅपटॉपला जोडला आणि कार्ड आत सरकवलं. पडद्यावर एक ओळ आली. शिल्लक प्रयत्न: शून्य.

पिन दाबला की चिप आधी एक प्रयत्न वजा करते आणि मग नंबर बरोबर की चूक ते बघते. क्रम उलटा ठेवला, तर चोर कार्ड मध्येच खेचून घेईल आणि हवे तेवढे अंदाज करत बसेल. हा क्रम ती ऑफिसात नव्या मुलांना स्वतः शिकवायची. नंबर चोर दाबतोय की म्हातारा माणूस, हे चिपला कळत नाही. ते कळावं अशी सोयही नसते.

"तीनदा चुकलात, कार्ड बंद झालंय," ती म्हणाली.

"दोनदा. तिसऱ्यांदा मशीनचंच काहीतरी बिनसलं असणार. मागे रांग होती. लोक चुळबुळ करायला लागले की माझं बोट घसरतं."

"दुकानदार काही म्हणाला नाही?"

"म्हणाला की. आजोबा, नंबर सांगा, मी दाबतो. मी म्हटलं, आता नाही सांगायचा, आमच्या मुलीने मना केलंय. ती त्यातलीच आहे." हे सांगताना ते जरा ताठ बसले. "मग म्हणाला, पैसे सावकाश द्या. मी म्हटलं, उधारी आपल्याला जमत नाही."

"मग मला फोन करायचा. रोज तर बोलतो आपण."

"बोलतो ना. पण पिनबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही, हे कोण म्हणालं? मुलीचा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही, आवाजाचीसुद्धा नक्कल करतात, हे कोण म्हणालं?"

ठमीने रीडरची वायर तोंडात घातली होती, ती तिने काढून घेतली.

"तू आलीस की समोरासमोर विचारायचं ठरवलं होतं."

"मागच्या महिन्यात आले होते की मी."

"आली होतीस. हिचा दात येत होता, ही रडत होती, तूही रडायच्या बेतात होतीस. तुझं लक्ष होतं का कुठे? म्हटलं, पुढच्या खेपेला विचारू."

तेव्हा ठमी रांगत नव्हती. खालचे कप्पे बघायचं काही कारण नव्हतं.

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि बाबांसमोरच सगळं सांगितलं. डॉक्टर जे बोलले ते ऐकताना ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग ठमीला कडेवर घेऊन खाली गेली आणि स्वतःच्या कार्डावर गोळ्या घेऊन आली. दुकानदाराने "आजोबा बरेत ना?" एवढंच विचारलं.

नवी पट्टी फोडून तिने एक गोळी बाबांच्या तळहातावर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"अख्खी?"

"अख्खी."

त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली, पेला उपडा घातला आणि विचारलं, "आता मी नीट वागलो की चुकलो, ते तरी सांग."

तिने बशीतले तुकडे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. तुम्हीही कुणाला तरी काहीतरी नीट समजावून, पुन्हा पुन्हा बजावून आला असाल. फोनवर ते रोज मजेत आहे म्हणत असतील. तरी एकदा स्वतः जाऊन त्यांना बघून या. आणि ते सांगितलेलं ऐकणाऱ्यांपैकी असतील, तर जरा लवकर जा.