आतली कडी

आमच्या थरारपटाचा शेवट कुणालाच पटत नव्हता. बाईच्या दाराला आतून कडी, घरात ती एकटी. मग खुनी आत आला कुठून?

"प्रेक्षक काय दुधखुळे आहेत?" दिग्दर्शक माझ्यावरच खेकसला. मी साधा साउंडवाला, कथा काही माझी नव्हे. तरी म्हटलं, "खुनी दिसण्याआधी नुसता कडी काढल्याचा आवाज टाकू. त्याला दार उघडणारं घरात आधीपासून कुणीतरी होतं, एवढं कळलं की झालं."

कडी माझ्याच घरची वापरली. आई गेल्यापासून मी एकटाच राहतो. रेकॉर्डिंग बिघडवायला घरात कुणी खोकतसुद्धा नाही. रेकॉर्डर बाहेर जिन्यात ठेवला, आत येऊन दार लावलं, कडीला हात लावून बराच वेळ श्वास रोखून उभा राहिलो, आणि मग ती काढली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ते ऐकून दिग्दर्शकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! कडीच्या आधी ती अनवाणी पावलं, फरफटत दाराशी येणारी! आता पटतं, घरात कुणीतरी आहे."

मी तर जागचा हललोही नव्हतो. दिवसभर ती ओळखीची फरफट पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

संध्याकाळी घरी आलो. किल्ली फिरली, पण दार उघडेना. आतून कडी होती.

खरं तर शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती. मी किल्ली खिशात टाकली, केस सारखे केले आणि कितीतरी वर्षांनी माझ्याच घराची बेल दाबली.

आतून पावलं फरफटत आली, आणि कडीला हात लागला.