मार्गदर्शक

"परत सुटलीस," इंद्रायणीताई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही गुडघे सोलवटले होते आणि करिष्माला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

वडगावातली दहा किलोमीटरची शर्यत होती. शेवटच्या वळणावर पुढं फक्त दोनच मुली दिसल्या आणि करिष्माला राहवलं नाही. तिने जी उसळी मारली, त्यासरशी ताई तोंडावर पडल्या. कारण धावताना दोघींच्या मनगटांत एकच दोरी असायची, हातभर लांब. लोहगडवाडीत करिष्माच्या आईची, भामाबाईंची, चहाची टपरी होती. पोरगी बेभान सुटती म्हणून ताईंनी शेरडू बांधलंय, असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या.

"पयली आले असते ना, ताई."

"सरावाची शर्यत जिंकायची नसते गं. वापरायची असते."

ताई तळेगावला बँकेत होत्या, पण धावण्यातलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं अख्ख्या मावळात कुणाला कळत नसेल. गेल्या वर्षी त्यांनी विकासला तयार केलं होतं. लोणावळ्याच्या मॅरेथॉनमध्ये तो बत्तिसाव्या किलोमीटरला पोटरी धरून बसला आणि ताईंची वर्षभराची मेहनतही तिथंच रस्त्याकडेला बसली. यंदा बेचाळीसच्या बेचाळीस पार व्हायला हवे होते. सगळी भिस्त करिष्मावर होती. एकोणीस वर्षांची, पाण्याचे कॅन घेऊन गड चढणारी करिष्मा.

सरावाच्या योजनेचा कागद टपरीच्या फळीला टाचलेला होता. दर रविवारी ताई म्हणायच्या, "वाच." करिष्मा वाचायची, ताईंना तो पाठच असायचा. करिष्माला दर आठवड्याला एक शर्यत हवी होती. ताईंनी दोनच ठेवल्या, आधी दहाची, मग सहा आठवड्यांनी एकवीसची. त्याही रविवारच्या लांब धावण्याच्या जागी, वरून जादा नाहीत. आणि नंतर आठवडाभर सावकाश, कितीही हुरूप आला तरी.

सगळ्यांत भन्नाट नियम म्हणजे धावताना बोलत राहायचं. दम न लागता बोलता आलं की वेग बरोबर. काही सुचेना तर समोर दिसेल ते सांग, ताई म्हणायच्या. मग करिष्मा सुरू. खड्डा. डावीकडं वळण. म्हस आडवी. स्पीडब्रेकर. "पळती का दवंडी देती गं?" भामाबाई विचारायच्या. भर धुक्यातही ताईंचा काळा गॉगल हलायचा नाही. वाडीतल्या पोरी त्या ऐटीवर फिदा होत्या.

एकवीसची शर्यत तळेगावात होती. पंधराव्या किलोमीटरला एक मुलगी दोरीकडं बघून म्हणाली, "पट्टा सोडत न्हाईत व्हय तुजा?" आणि हसत पुढं गेली. करिष्माच्या पायांत वीज आली. तिने मूठ घट्ट आवळली, एक मोठा श्वास घेतला.

"स्पीडब्रेकर, ताई," ती म्हणाली. वेग तोच.

एकशे चाळीस जणी त्यांच्या पुढं गेल्या. शेवटी ताईंनी तिला अशी मिठी मारली की जणू तीच पहिली आली होती. "आता बत्तीसची भीती नाही," त्या म्हणाल्या.

चार आठवड्यांनी लोणावळ्यात पहाटेच्या गारठ्यात दोघी रेषेपाशी उभ्या राहिल्या. भामाबाईही आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. आयोजकांपैकी एक मुलगी छातीवर लावायचे दोन बिब घेऊन आली. एकावर मोठा नंबर होता, दुसऱ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मार्गदर्शक.

"मार्गदर्शक कोण तुमच्यात?"

"ह्या," करिष्मा अभिमानाने म्हणाली. "आमच्या ताई."

ताई हसल्या. त्यांनी हातातल्या पांढऱ्या काठीची घडी घालून ती भामाबाईंकडे दिली, आणि दोरीचं टोक चाचपत म्हणाल्या, "नाही गं. तो तुझा."