हेनोचा शार्क

"टानी डलीन, आज तरी बाकीच्यांसारखी एक उलटी करा," होडीवरचा खलाशी लुवूयो म्हणाला. थोरल्या बाईला इथे टानी, म्हणजे मावशी, म्हणतात. "सहावी खेप तुमची. पाहुण्यांना वाटतं, तुम्ही आमच्याच पगारावर आहात."

डलीनने रबरी पोशाख गळ्यापर्यंत ओढला. "पोटात काही असेल तर ना."

होडी डायर बेटाच्या अलीकडे नांगरलेली होती. लुवूयो माशांचं रक्त डब्याडब्याने समुद्रात ओतत होता. वास सगळ्यांना येत होता, फक्त शार्कला येत नव्हता. शार्क मारणाऱ्या ऑर्का देवमाशांची एक जोडी या भागात आली आणि मोठे पांढरे शार्क पळाले, त्याला दोन वर्षं होत आली. आता पर्यटक लहान तांबूस शार्कांवर भागवत आणि घरी जाऊन ते मोठे करून सांगत.

डलीनला मोठाच हवा होता. तिचा नवरा हेनो मार्चमध्ये इथेच चोरून शिंपले काढायला उतरला. वर आला तो फक्त त्याच्या पायातला पोहायचा रबरी पंजा, तोही फाटका. गाव म्हणालं, शार्क. कोर्टातला कारकून म्हणाला, "बाई, प्रेत नाही, आणि खाडीत मोठा शार्क दिसल्याची नोंदही नाही. मेला असं कशाच्या जोरावर लिहू? शिंपल्यांच्या खटल्यात त्याच्या नावाचं वॉरंट तसंच राहणार. फोटो आणा, कप्तानाची सही आणा, मग बघू."

तेव्हापासून ती महिन्यातल्या एका गुरुवारी येई. कप्तान फान तिच्याकडून भाडं घेत नसे.

त्याने कूकसिस्टरची, पाकातल्या तळलेल्या गोड वेण्यांची, बशी पुढे केली. तिने दोन उचलल्या. एक खाल्ली, एक रुमालात बांधली. फानने मान वळवली. ती अजून दोघांपुरतं मटण नेते, हे खाटीक सगळ्या गावाला सांगून बसला होता.

"टानी, तुम्ही एकदा रडून घ्या हो," लुवूयो हळूच म्हणाला.

"रडलं की चष्म्याच्या काचेवर धुकं धरतं."

ती होडीच्या कडेला बांधलेल्या लोखंडी पिंजऱ्यात उतरली. पाणी बर्फासारखं. आधी पायाची बोटं बधिर झाली, मग गुडघे. बाकीची ती मार्चपासूनच होती. पाद्रीबाबा येऊन प्रार्थना करून गेले, शेजारणी रश्शाची पातेली ठेवून गेल्या. ती सगळ्यांना आभारी आहे म्हणाली आणि पातेली घासून परत केली.

"खाली! खाली! डावीकडे!" लुवूयो वरून ओरडला.

तिने श्वास धरला आणि बुडी मारली. हिरव्या पाण्यातून एक करडी भिंत सरकत आली. भिंतीला डोळा होता. डलीनने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. भिंत वळून परत आली. तिने पुन्हा दाबलं. तिला काहीच वाटलं नाही.

वर लुवूयो ढसाढसा रडत होता. फानने टोपी काढली आणि कागदावर सही केली.

"टानी, तोच असेल का हो?" लुवूयोने विचारलं.

"असेल," डलीन म्हणाली.

घरी येऊन तिने दाराला कडी घातली, पडदे ओढले आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

"आला," ती छताकडे बघून म्हणाली.

माळ्याची शिडी करकरली. हेनो मोजे घालून खाली उतरला. बराच वेळ त्याने फोटो निरखला, मग सहा महिन्यांत सुटलेल्या पोटावरून हात फिरवला.

"बरा आहे," तो म्हणाला. "पण डलीन, मी मावेन ना गं याच्या पोटात?"