चौथा बंब

"मागे सरा रे, वाफ लागेल!" केरूशेट ओरडला आणि दुकानासमोरची गर्दी दोन पावलं हटली.

त्याने बंबाच्या मधल्या नळीत चार करवंट्या टाकल्या आणि वरून वाळल्या झावळीचं पेटतं चुडत सारलं. नळी घुमायला लागली. थोड्या वेळाने त्याने तोटी फिरवली, तसं वाफाळतं पाणी बादलीत धो धो पडलं. चहूबाजूंनी पाणी, पोटात विस्तव, आणि तो विझत कसा नाही? एकतीस सालच्या त्या थंडीत रत्नागिरीच्या बाजाराला हे नवल नवीन होतं. आत्माराम तोंड उघडं टाकून बघत राहिला.

मग त्याची त्यालाच शरम वाटली. तो तांबटाचा मुलगा. पण बाबांनी जन्मभर हंडे आणि घागरी ठोकल्या, असलं काही केलं नाही. बाबांची एक खोडही होती. भांड्याच्या बुडाचा शेवटचा ठोका ते मारायचेच नाहीत. "पुरं करणारा देव. माणसाने एक ठोका कमीच ठेवावा," म्हणायचे. गिऱ्हाईक त्या जागेवर बोट ठेवून भाव पाडायचं आणि आई कपाळाला हात लावायची. बाबांबरोबर घरातली हातोडीही गेली. आत्माराम बंदरावर कारकून झाला.

आज तो बंब घ्यायला आला होता तो मालनवयनीसाठी. ती त्याच्या मागे, पदर पुढे ओढून, दुकानाच्या पायरीशी उभी होती.

आत्मारामचा थोरला भाऊ, मालनचा नवरा विठू, बाबांच्याच हाताखाली ठोके शिकलेला. तो बापाशी भांडून घराबाहेर पडला, त्याला बारा वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. बारा वर्षं भरली तशी भटजींनी शास्त्र सांगितलं, आणि दीड महिन्यापूर्वी आत्मारामने पळसाच्या पानांचा विठू करून त्याला समुद्राकाठी अग्नी दिला. त्या पानांच्या देहाशी विडा ठेवताना आई एवढंच म्हणाली होती, "डाव्या हाताशी ठेव रे. माझा लेक डावखुरा."

त्या दिवशी मालनचं कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, आणि तिचं बोलणंही थांबलं. रोज पहाटे ती विहिरीचं गार पाणी डोक्यावर ओतून घेई आणि दिवसभर तापाने फणफणे. कुणी पाणी तापवून दिलं तर ते सासूच्या न्हाणीत नेऊन ओती. वैद्याने आत्मारामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे गार पाणी थांबलं नाय तर ही शिमगा बघायची नाय."

मालनही तांबटाच्याच घरची लेक. बंब तिनेच निवडला तर त्यातलं पाणी ती नाकारायची नाही, असा आत्मारामचा हिशेब होता. हिशेब वेडा असेल, पण त्याला दुसरा सुचत नव्हता.

"बघ गो वयनी. तुला पटेल तोच घेऊ," तो म्हणाला.

सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं कपाळ पांढरं बघून केरूशेटची भुवई जरा चढली. पण विक्री ती विक्री. लक्ष्मीच्या तसबिरीपुढचा कुंकवाचा करंडा त्याने जवळ ओढून ठेवला. विकलेल्या प्रत्येक भांड्याला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय तो ते दुकानाबाहेर जाऊ देत नसे.

मालनने पहिल्या बंबावर बोटाचं पेर वाजवलं. कान लावला. तळहात हळूहळू खालपर्यंत फिरवला, बंब कलता करून बूड चाचपलं आणि मान हलवली. दुसऱ्याचंही तेच. तिसरा तर आरशासारखा लखलखत होता, त्याच्याकडे तिने धड पाहिलंही नाही.

केरूशेटचा चेहरा बदलला. "तीस वरसं भांडी विकतोय," तो आत्मारामच्या कानाशी पुटपुटला, "पण तांब्याशी असं बोलणारं माणूस नाय बघितलं मी."

आत्मारामही थक्क झाला होता. दीड महिना मेल्यासारखे लोंबणारे ते हात आज जिवंत वाटत होते.

मालन आत गेली. पोत्यांच्या आडोशाला एक चौथा बंब होता, धुळीने माखलेला. तिने त्यावरून हात फिरवला आणि हात थांबला. पुन्हा फिरवला. बूड चाचपलं. मग ती तिथेच खाली बसली आणि तिने तांब्याला गाल टेकला.

"हा कधीचा?"

आवाज घोगरा होता, पण तिचा होता. आत्मारामचे डोळे भरून आले. वयनी बोलली! बंबाने आपलं काम पेटण्याआधीच केलं होतं.

"हाच द्या शेट," तो घाईने म्हणाला. "हाच!"

"नवाच आहे, आश्विनात ठोकलेला. पुण्याहून मुंबईला, तिथून आगबोटीने परवा उतरला," केरूशेट म्हणाला. "पण खरं सांगतो, हा मी परत धाडणार होतो. ठोके बघा, सगळे उलट्या अंगाने पडलेत. आणि एवढं करून मेल्याने बुडाला एक ठोका मारायचाच ठेवलाय."

आत्मारामचा हात बंबाच्या बुडाखाली गेला. खवल्यांसारख्या ठोक्यांच्या ओळीत अगदी शेवटी एका ठोक्याएवढी जागा त्याच्या बोटाला सपाट लागली. समुद्राकाठी अग्नी दिलेला तो हात त्याने झटकन मागे घेतला.

"बरं, तुमची मर्जी," म्हणत केरूशेटने करंडा उघडला आणि बंबाला लावायला बोट कुंकवात बुडवलं.

"थांबा शेट," मालन म्हणाली. तिने करंडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, कुंकवाचं पहिलं बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं.