जाड टायरची सायकल

अनसूयाबाईंची कंबर धरली आणि त्यांना मोटारसायकलचे दणके सोसेनात. म्हणून साठी उलटलेल्या माधवरावांनी मुलाची जाड टायरची सायकल काढली, मागं कॅरिअर बसवलं. सायकलला शॉकअप नव्हते, पण हवा कमी ठेवली की टायरच खड्डे गिळतं, असं मुलगा सांगायचा. कन्हेरीहून बारामतीच्या दवाखान्यात जाताना बायको कण्हली, की माधवराव उतरून थोडी हवा सोडत. सायकल मऊ चाले, पायडल मात्र जड होई.

आज परतताना चढाच्या तोंडाशी ते पुन्हा टायरपाशी वाकले.

"सोडू नका. घरी गेल्यावर गच्च भरा," अनसूयाबाई म्हणाल्या.

"अगं, दणकं बसतील."

"बसू द्या. दणकं सोसत्यात मला. तुमची धाप ऐकवत न्हाय."