दोन टिचक्या

राजूरच्या वरच्या डोंगरात भाताची रोपं टाकायची जमीन आधी ऐनाच्या फांद्या जाळून भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. त्या फांद्यांना अंड्याएवढे टणक कोश लोंबत असतात. ऐनाचा पाला खाऊन फुगलेली अळी त्यात स्वतःला कोंडून घेते, आणि पुढच्या पावसाळ्यात पंखांवर डोळे असलेला मोठा पतंग होऊन बाहेर पडते.

सहादेवची आई राब पेटवण्याआधी एकेक कोश कानाशी धरून त्यावर दोनदा टिचकी मारायची. आत हललं, की तो कोश दुसऱ्या झाडाला बांधून यायची. म्हणायची, "हललं तर जित्तं हाय. न्हाई तर जाऊ दे राबात."

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. एकाहत्तर सालच्या वैशाखात सहादेवनं कोश न बघताच राब पेटवला.

"तेवढं तरी बघायचं हुतं," त्याची बायको छबूबाई म्हणाली.

"किड्यांचं काय घेऊन बसलीस!" म्हणत तो घरी आला आणि माश्या नकोत म्हणून डोक्यावरून धोतर ओढून पडवीत आडवा झाला.

जाग आली तेव्हा अंधार होता. धोतर बाजूला सारायला गेला, तर हात उचलेना. कापड अंगाभोवती घट्ट बसलं होतं, आणि टणक झालं होतं. कुठूनतरी ओल्या पाल्याचा धूर येत होता.

मग बाहेरून टिचकी वाजली. पुन्हा एकदा वाजली. ती बोटं त्यानं लगेच ओळखली.

सगळा जीव एकवटून तो हलू पाहत होता.

बाहेर कुणीतरी बराच वेळ कान लावून थांबलं. मग आईचा आवाज आला, नेहमीसारखाच मायेचा.

"न्हाई. हलत न्हाई ह्ये."