बाबलीमामांचा चहा

पंपाचा बोल्ट अडकला आणि बाबलीमामा चहाला निघाले.

"मी चाय घेवन येतंय गो. तू बघ काय ता," म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून कँटीनकडे चालायलाही लागले. तारा हातात पाना धरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

हे रोजचंच झालं होतं. डिचोलीच्या त्या खाणीच्या वर्कशॉपात तारा ही पहिलीच बाई मेकॅनिक. सहा महिन्यांत काम हातात बसलं नाही, तर घरी. वर्कशॉपच्या प्रमुख सुलोचना मॅडमनी मोठ्या हौसेने मार्गदर्शक योजना आखली होती. प्रत्येक नव्या माणसामागे एक जुनं माणूस. ताराच्या वाट्याला दोडामार्गचे बाबलीमामा आले. योजनेचा बिल्ला त्यांनी खिशाच्या आतल्या बाजूला लावला, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून. माणूस लाख. डब्यातली अर्धी भाकरी तिच्या पुढे सरकवल्याशिवाय जेवायचे नाहीत. पण काम अडलं, की यांना तलफ आलीच म्हणून समजा. एकदाच काय ते, जॅक घसरला तेव्हा, तिने हाक मारायच्या आत मामा धापा टाकत हजर. टॉवेल विसरलो म्हणाले. टॉवेल खांद्यावरच होता. तारा पोट धरून हसली होती.

आज मात्र योजनेचा फॉर्म भरायचा होता. मार्गदर्शक किती तास सोबत होते? तास कमी दिसले, तर मार्गदर्शक बदलणार आणि बिल्ला परत जाणार. मामांवर तिचा जीव होता, पण नोकरीही हवी होती. खरं तेच लिहायचं, असं तिने ठरवलं.

तासभर झटून बोल्ट सुटला. मामा परतले, बोल्टावरून अंगठा फिरवला आणि पुढचा पंप खोलायला बसले.

जेवणाच्या सुट्टीत तारा कँटीनच्या देवकीकडे गेली. मामा इथे चहा घेत किती वेळ बसतात, तेवढं एकदा विचारून घ्यावं, उगाच कुणावर अन्याय नको.

देवकीने हातातला पेला खाली ठेवला.

"चाय? चाय घेतली काय ताका पित्त चडटा. हांगाची चाय ताणें कधीच तोंडाक लावंक ना गे. त्या जनेलाकडेन उबो रावता, तुज्या हातांकडेन पळयत. तुजें काम सुटलें, काय मागीर वता."

ज्या खिडकीतून मामा तिचे हात बघत उभे राहायचे, त्या खिडकीशी तारा गेली. समोर तिचा पंप दिसत होता, तिची पान्यांची पेटीसुद्धा दिसत होती. खिडकीच्या चौकटीवर दोन कोपरांएवढा रंग उडाला होता.

तिने तिथेच उभं राहून फॉर्म उघडला. डोळे पुसले आणि तासांच्या रकान्यात लिहिलं, सगळे.